दिगू बोलायला लागला तेव्हा

आमच्या आणि जसुमासीच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि तीही वरपर्यंत गेलेली नव्हती. कौलांखाली हातभर जागा मोकळी होती. त्या फटीतून तिच्याकडची हिंगाची फोडणी आमच्याकडे यायची आणि आमच्याकडच्या सुक्या बोंबलांचा वास तिच्याकडे जायचा. मासी पक्की शाकाहारी. वरोरची कोळीण टोपली घेऊन आमच्या दारात टेकली, की पलीकडे उदबत्ती लागलीच म्हणून समजावं. पण त्यावरून कधी वाकडा शब्द झाला नाही. उलट बोंबील भाजून झाले की आईच भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "मासी, झालं हो, घ्या आता श्वास!" आणि पलीकडून खळखळून हसू यायचं. डहाणूत तेव्हा घरोघरी असंच होतं. सकाळी आम्ही मराठीत उठायचो, वाण्याकडे गुजरातीत गूळ मागायचो आणि भाजीवालीशी ती बोलेल त्या बोलीत घासाघीस करायचो. आपण किती भाषा बोलतो हे कुणी मोजत बसत नसे. मासीच्या ओसरीवर मोठा हिंचका होता. शाळेत आम्ही त्याला झोपाळा म्हणायचो, घरी हिंचकाच. दुपारी जेवणं आटोपली की मासी त्यावर बसून तांदूळ निवडायची आणि कड्यांचा कुरकुर आवाज तिन्हीसांजेपर्यंत आमच्या घरात ऐकू यायचा.

मी पहिलीत असताना दिगू झाला. इतकं शांत बाळ आळीत कुणी पाहिलं नव्हतं. न रडता तासन्‌तास कौलातून येणाऱ्या कवडशाकडे बघत पडून राहायचा. बायका आईला म्हणायच्या, "नशीबवान हो तुम्ही, आमच्या कार्ट्यांनी नुसता जीव खाल्लाय." चालायला लागला तसा तो "काऊ" म्हणायला लागला, "दे" म्हणायला लागला. आणि मग हे शब्द गेले. कधी गेले ते कुणाला सांगता यायचं नाही. घरातलं मांजर दिसेनासं होतं आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं, तसं झालं. आई पुढे कित्येक वर्षं तो शेवटचा "काऊ" आठवायचा प्रयत्न करत असे. त्या दिवशी आपण दुसऱ्या कामात होतो, आपण उत्तर दिलं नाही, म्हणून तो रुसला, असं तिने मनाशी धरलं होतं.

दोन वर्षांचा झाला तरी हाक मारली की बघायचा नाही. आईने त्याच्या पाठीमागे जाऊन ताटावर पळी आपटली. तो ढिम्म. बहिरा आहे म्हणावं, तर पलीकडे हिंचक्याची कडी कुरकुरली की हातातलं टाकून धावत सुटायचा. डब्याचं झाकण फरशीवर भोवऱ्यासारखं फिरवायचा आणि ते थांबेपर्यंत दोन्ही हात पाखराच्या पंखांसारखे फडफडवायचा. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, मुलगे उशिराच बोलतात. कुणी वेखंड मधात उगाळून जिभेला लावायला सांगितलं. कुणी म्हणालं, पोपटाचं उष्टं फळ द्या. त्याला आमच्याकडे काय तोटा! वाडीवाल्यांचे गडी पोपटांनी चोच मारलेले चिकू बाजूला टाकायचे, ते मी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन यायची. दिगूने एकही तोंडात घेतला नाही. सगळे मीच खाल्ले आणि माझी बडबड तेवढी वाढली, असं माझे वडील, तात्या, म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी डब्याचं झाकण फिरवणं सुटलं आणि किंचाळणं आलं. बाजाराला जाताना रोजचा भाताच्या गिरणीवरूनचा रस्ता सोडून दुसरीकडे वळलं, की हा रस्त्यात आडवा. पितळेची त्याची थाळी कल्हईला गेली, तर दोन दिवस उपाशी. भात पांढरा हवा, त्यावर पिवळं वरण दिसलं तर थाळी भिंतीवर. लोक म्हणायचे, लाडावून ठेवलंय, दोन लगावा. तात्यांनी लगावल्याही. आणि चौथं लागल्यावर तो किंचाळणं जवळजवळ विसरला. आईने महालक्ष्मीची ओटी भरली. घरात तूप-पोळी झाली. पीडा टळली, असं सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं.

कितीतरी वर्षांनी, माझे केस पिकल्यावर, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला स्वमग्नता हा शब्द सांगितला. शाळेत जायच्या आधीच्या वयात याची लक्षणं एका जागी थांबत नाहीत, असं त्या म्हणाल्या. दोन वर्षांच्या मुलात जे दिसतं ते चारच्या मुलात दिसेलच असं नाही. एखादं आपोआप मावळतं, एखादं दुसरं रूप घेऊन येतं, शब्द येतात, कधी जातातही. घरच्यांना वाटतं मूल बरं झालं, किंवा वाटतं बिघडलं, आणि मूल आपलं तेच असतं. मी त्यांना दिगूचं सगळं सांगितलं आणि त्या मान हलवत राहिल्या, जणू त्याला त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. असं कुणीतरी आईसमोर मान हलवायला हवी होती.

तर किंचाळणं गेलं आणि दिगू मासीकडे जाऊन बसायला लागला. मासीचं लग्न लहानपणीच झालेलं, मूलबाळ नाही, नवरा सकाळपासून पेढीवर. ती त्याला जवळ ओढायची नाही, गालगुच्चे घ्यायची नाही. हिंचक्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये तांदळाचं सूप. दिवसभर तिच्याकडे माणसं येत-जात असायची आणि ती सगळ्यांना एकाच सुरात म्हणायची, "आवो, आवो, बेसो. पाणी पीवुं छे?" पाणी प्यायचंय का, असं डहाणूच्या उन्हात आल्यागेल्याला विचारायचंच असतं. एक दिवस दुपारी आमच्या माठापाशी उभं राहून दिगू म्हणाला, "पाणी पीवुं छे?" थेट मासीचा आवाज, तिचा शेवटचा लाडिक हेलसुद्धा. आईच्या हातातली परात पडली. त्याला तहान लागली होती. माणसाला पाणी मिळतं तेव्हा जे कानावर पडतं तेच त्याने उचललं होतं. आईने त्याला तांब्याभर पाणी पाजलं आणि तिथेच बसून रडली. मग हळूहळू आणखी आलं. भूक लागली की "चालो, जमवा चालो." झोप आली की "सुई जा, दीकरा." सगळं मासीचं आणि सगळं गुजराती.

इथे तात्यांबद्दल सांगायला हवं. ते मराठी शाळेत शिक्षक होते आणि ते दिवस भलते होते. आमचा तालुका कुठल्या राज्यात जाणार, इथल्या लोकांची भाषा मराठी की गुजराती, यावर ओट्याओट्यावर वाद चालायचे. तात्या रविवारी सायकल काढून कैनाडला जायचे, कधी पार झरी-तलासरीकडच्या पाड्यांवर जायचे. तिथली माणसं काय बोलतात ते ऐकायचे आणि रात्री जेवताना आम्हाला सांगायचे, "हा शब्द ऐक, कुमुद. थोडा वाकवला आहे, पण मूळ आपलाच." पाड्यावरच्या म्हाताऱ्याचा कितीही वाकलेला शब्द त्यांना मराठी वाटायचा, आणि वाटला की त्यांना दोन घास जास्त जायचे. माझे वडील दुष्ट नव्हते. त्यांना आपल्या भाषेचं वेड होतं, आणि वेडाला कधी कधी घरातलं माणूस दिसत नाही.

अशाच एका रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले. आसपासच्या शाळांमधले तीन-चार मास्तर आणि मुंबईहून आलेले एक वयस्क कार्यकर्ते. आईने कांदेपोहे केले होते, मी चहाच्या बश्या पुसत होते. बोलणं रंगात आलं होतं. तात्या झरीकडची उदाहरणं देत होते. इतक्यात पलीकडून दिगू आला, उंबऱ्यात उभा राहिला आणि समोरच्या खुंटीकडे बघत मासीच्या सुरात म्हणाला, "आवो, आवो, बेसो. पाणी पीवुं छे?"

आई स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्याने म्हणाली, "अगोबाई! या-बसा म्हणाला! परक्या माणसांना या-बसा म्हणाला!" तिचा चेहरा मला अजून दिसतो. चार वर्षांत ती इतकी सुंदर कधी दिसली नव्हती. आणि मग त्या मास्तरांपैकी एकजण म्हणाला, "काय गुरुजी! तुम्ही तलासरीची काळजी वाहताय, आणि इथे घरचा तालुका गेला की हातचा!" सगळे हसले. थट्टाच होती, मनात काही नव्हतं. तात्याही हसले. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून हा पलीकडे जायचा नाही."

"अहो, बोलतोय ना," आई म्हणाली. "मग कुठल्याही भाषेत का बोलेना."

"हे बोलणं नव्हे. पोपटपंची आहे. पोराच्या कानावर तीन-तीन भाषा पडतात, म्हणून त्याची जीभ अडते. एक पक्की होऊ दे आधी. आणि ती घरची होऊ दे."

शहाण्या माणसाचं बोलणं वाटावं असं ते बोलणं होतं. आजही कितीतरी शिकलेल्या घरांत हेच म्हणतात. रात्री आईनेच मासीला सांगितलं, अडखळत, थोड्या दिवसांपुरतं म्हणून. मासीने ऐकून घेतलं. "बराबर छे, बराबर छे," म्हणाली, "त्याचा चांगला होऊ दे." दुसऱ्या दिवशी दुपारी कड्यांचा आवाज आला नाही. आवाज ऐकून दिगूला यावंसं वाटू नये, म्हणून तिने हिंचक्याची फळी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. आता ती जमिनीवर बसून तांदूळ निवडायची.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मे महिन्याची सुट्टी होती, मी वर्गात पहिली आलेली, आणि तात्या म्हणाले, "कुमुद, तू हुशार आहेस. मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, आणि मराठीत मागितल्याशिवाय ते मागणं धरायचं नाही. बघ, आठवड्यात बोलेल." मला आभाळ ठेंगणं झालं. मी आईची जुनी साडी नेसले, हातात फुटपट्टी घेतली. आम्हाला शिकवणाऱ्या बाई मुलांना चूक दाखवताना एक भुवई वर करायच्या, तशी मी भुवई वर करायला शिकले. खोटं कशाला सांगू, मला फार मजा येत होती.

ती दुपार चांगलीच तापली होती. आई विहिरीवर धुणं धुवायला गेली होती. दिगू माठापाशी आला आणि म्हणाला, "पाणी पीवुं छे?"

"असं नाही," मी म्हटलं. "पाणी हवं, म्हण."

"पाणी पीवुं छे?"

"आधी नीट बोल. मग पाणी."

त्याने पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. मी पेला भरून हातात धरला होता, त्याला दिसावा असा. "आधी नीट बोल. मग पाणी." तेव्हा दिगूने माझ्याकडे पाहिलं. जन्मल्यापासून तो कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता. खांद्याकडे, कानाकडे, मागच्या भिंतीकडे बघायचा. त्या दुपारी त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि मला वाटलं, आता हा बोलणार, मी जिंकले. मी भुवई वर करून थांबून राहिले. तो बोलला नाही. त्याने माठाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि बाहेरच्या बाजूला पाझरलेलं पाणी जिभेने चाटायला लागला. मी त्याला दंडाला धरून ओढलं. घाण असतं ते, म्हणाले. आई आल्यावर तिने त्याला पाणी पाजलं, आणि मी संध्याकाळी तात्यांकडे तिची चहाडी केली, की ती माझी शिकवणी बिघडवते.

त्यानंतर काही दिवस तो मागत राहिला आणि मी नीट बोलायला सांगत राहिले. मग त्याने मागणं सोडलं. "चालो जमवा" गेलं, "सुई जा" गेलं. तहान लागली की न्हाणीत जाऊन बादलीतून ओंजळीने प्यायचा. मनगट चावायला लागला, तिथे घट्टा पडला. मासीच्या दिशेच्या भिंतीला पाठ लावून दुपारभर मागेपुढे डुलत बसायचा, अगदी हिंचक्याच्या चालीने, खाली फळी नसताना. तात्या म्हणाले, "चला, गुजराती तरी सुटली. पाटी कोरी झाली की लिहिता येतं." आणि त्यांनी मला शाबासकी म्हणून केसांना लावायच्या रेशमी फिती आणल्या. त्या मी मिरवल्या.

डॉक्टरीणबाईंना मी हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, त्या वयात काही मुलांचे आलेले शब्द असेही जातात. तुम्ही काही केलं नसतं तरी कदाचित गेले असते." किती मायेने म्हणाल्या! पण त्या कदाचितने माझा घात केला. किंचाळणं वयाने गेलं, झाकण फिरवणं वयाने गेलं, मग शब्दही वयानेच गेले असं मला म्हणता येईल. तसं म्हणायला मी कितीदा तोंड उघडते. मग तो माठ चाटतानाचा आवाज आठवतो, आणि वाटतं, यातलं किती वयाने नेलं आणि किती मी नेलं, याचा हिशोब आता कोण करून देणार? दिगू आता माझ्याजवळच असतो. म्हातारा झालाय. बरंच बोलतो, आपल्या चालीने. त्याला विचारून उपयोग नाही. मी विचारून पाहिलं आहे.

त्या वर्षीचे गणपती येऊन गेले होते. मी अभ्यासाला बसले होते, तात्या वह्या तपासत होते, आई भाकरी थापत होती. दिगू माठापाशी जाऊन उभा राहिला. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "आधी नीट बोल. मग पाणी."

शब्द माझे होते. आवाज माझा होता. शेवटी आवाज चढवायची माझी ती तऱ्हाही होती. इतकंच काय, म्हणताना त्याची एक भुवई वर गेली होती.

तात्या वह्या टाकून उठले. "मराठी!" ते ओरडले. "ऐकलंस का गं, अख्खं वाक्य! शुद्ध मराठी!" त्यांनी दिगूला उचलून गोल फिरवलं. दिगू हातपाय ताठ करून माठाकडे बघत होता. तात्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मला म्हणत होते, "तू केलंस हे, कुमुद. तू करून दाखवलंस." आई चुलीपाशीच होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पिठाचे हात तसेच घेऊन उठली, पेला भरला आणि तात्यांच्या कडेवरच दिगूच्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्यायला. त्याला तहान लागली होती, एवढंच होतं. मला कळलं, आईला कळलं, तात्यांना त्या दिवशी कळलं नाही. ते त्याच पावली पेढे आणायला बाहेर पडले.

आळीत पेढे वाटायला मलाच पाठवलं. सगळ्यांकडे जाऊन मी शेवटी मासीकडे गेले. ती ओसरीवर जमिनीवर बसली होती. "दिगू बोलला," मी म्हटलं. तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "शुं बोल्यो? शुं बोल्यो मारो दीकरो?" मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, कारण खोटं मला वेळेवर सुचलं नाही. आमच्या घरांमधली भिंत वरपर्यंत नव्हतीच. उन्हाळाभर माझी शिकवणी तिने पलीकडून ऐकली होती, शब्द न्‌ शब्द. तिने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. माझ्याकडे बघत बसली. मी काय केलं ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तारो वांक नथी, बेन. तुं तो नानी छे."

तुझा दोष नाही, तू तर लहान आहेस. मला एवढं लागलं की सोसवेना. मी तिचा हात झटकला आणि अकरा वर्षांच्या पोरीला जेवढं ताठ होता येईल तेवढी ताठ होऊन म्हटलं, "आमच्याशी मराठीत बोलायचं."

मासी रागावली नाही. पेढा सुपाच्या कडेला ठेवला, पदराने हात पुसले, आणि एकेक शब्द शोधत, दोनदा चुकून, पुन्हा मागे जाऊन म्हणाली, "तुझा काय दोष नाय, पोरी. तू लहान हाय. समजला ना तुला?"

मला समजावं म्हणून तिने आपली भाषा बाजूला ठेवली आणि माझी धरली, मोडकी तर मोडकी. दिगूसाठी आमच्या घरात एवढं कुणी केलं नव्हतं. मला तर गुजराती चांगली येत होती.